दुर्बीण बिघडली नव्हती

प्रिय विद्यार्थी मित्रहो, पालक आणि विश्वस्त मंडळी,



या अंकासाठी मी परीक्षेच्या तयारीवर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवतो. या वेळी मला शाळेच्या दुर्बिणीविषयी लिहायचे आहे, आणि त्याबरोबर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीही. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत एक सूचना चर्चेला येणार आहे. दुर्बीण महाग आहे, मुलांच्या हातून बिघडेल, म्हणून ती कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि स्नेहसंमेलनाला किंवा पाहुणे आले की तेवढी बाहेर काढावी, अशी ती सूचना आहे. ती मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही माझे मत वेगळे आहे, आणि ते बैठकीआधी सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

माझे सगळे शिक्षण इंदूरलाच हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी. त्यामुळे लिहिताना मधूनच हिंदी वळण डोकावले, तर आपण सांभाळून घ्याल.

ही दुर्बीण माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला भेट दिली. ती संगणकावर चालते. ज्या बैठकीवर तिची नळी बसवली आहे, त्या बैठकीत दोन मोटारी आहेत. एक नळीला डावी-उजवीकडे फिरवते, दुसरी वर-खाली. हातातल्या रिमोटमध्ये ठिकाण, तारीख आणि वेळ भरली आणि एक-दोन ताऱ्यांवर जुळवणी केली, की कोणता तारा या क्षणी कुठे आहे याचा हिशोब यंत्र स्वतः करते. नाव निवडले की नळी तिकडे वळते. पुढे पृथ्वी फिरत असली, तरी यंत्र ताऱ्याच्या मागे मागे जात राहते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकते. चंद्राचे बिंब साधारण अर्ध्या अंशाचे, म्हणजे स्थिर दुर्बिणीतून पाहिले तर दोन मिनिटांत चंद्र आपल्या रुंदीइतका सरकतो. ताऱ्यांचे छायाचित्र घ्यायचे तर असा पाठलाग करणारी बैठक लागतेच.

आता तो प्रसंग सांगतो. ५ फेब्रुवारीची संध्याकाळ, आठचा सुमार. शाळेच्या गच्चीवर वीस-पंचवीस मुले आणि काही पालक जमले होते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा बेत होता. रिमोटमध्ये माहिती मी स्वतः भरली, कारण एवढी महागडी वस्तू मुलांच्या हाती कशी द्यायची, असे तेव्हा मलाही वाटत होते. जुळवणीसाठी व्याधाचा तारा निवडला. व्याध समोर आग्नेयेला लखलखत होता. नळी मात्र गुरगुरत नैऋत्येला वळली आणि शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन थांबली. पुन्हा केले, पुन्हा टाकी. मुले हसायला लागली. पालक घड्याळे पाहू लागले.

आदल्या दिवशी जोडणी करताना नववीतल्या एका मुलाने पकड सैल न करता नळी हाताने ढकलली होती आणि ‘कट्’ असा आवाज झाला होता. मला तेच आठवले. मी सर्वांसमोर त्याला म्हणालो, “गिअर तूच खराब केलास. उद्यापासून दुर्बिणीला हात लावायचा नाही.” तो एवढेच म्हणाला, “सर, मी फक्त एकदा ढकलली होती.” मग खाली मान घालून जिना उतरून गेला.

सामान आवरताना आठवीतली एक मुलगी जवळ आली. “सर, जुळवणीसाठी रिमोट ज्या ताऱ्यांची नावं दाखवत होता, त्यात स्वाती आणि चित्रा होत्या. त्या अजून उगवलेल्या कुठे आहेत?” मी म्हणालो, “आता पुरे. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्या कार्यालयात आली. रिमोटने दाखवलेली नावे तिने रात्रीच लिहून ठेवली होती. आजोबांकडचा ताऱ्यांचा नकाशाही तिने सोबत आणला होता. तिचे म्हणणे साधे होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्वाती आणि चित्रा रात्री अकरानंतर उगवतात. संध्याकाळी आठला त्या पूर्वेला चांगल्या वर आलेल्या असतात, त्या मे महिन्याच्या सुरुवातीला. आणि त्याच वेळी व्याध नैऋत्येला कललेला असतो. “सर, यंत्राला वाटतंय की मे महिना चालू आहे.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तारीख आपल्या सवयीने भरली होती, आधी दिवस, मग महिना. पाच, दोन. रिमोट अमेरिकन पद्धतीचा, त्यात आधी महिना आणि मग दिवस. माझा ५ फेब्रुवारी त्याने २ मे म्हणून वाचला. यंत्राचा हिशोब अचूक होता. २ मे रोजी रात्री आठला व्याध जिथे असायला हवा, तिथेच त्याने नळी नेली होती. गिअर शाबूत होता, मोटार शाबूत होती. चूक माझी होती आणि बोलणी एका मुलाने खाल्ली होती.

त्यानंतरच्या प्रार्थनासभेत मी हे सर्वांसमोर सांगितले आणि त्या मुलाची माफी मागितली. तो त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता. त्यामुळे पुन्हा एकदा, तो समोर असताना मागावी लागली. प्राचार्याने विद्यार्थ्याची माफी मागावी का, असे काहींनी मला नंतर विचारले. ज्या आवाजात आरोप केला, त्याच आवाजात तो मागे घ्यायला हवा, एवढेच मला कळते.

त्या दिवसापासून दुर्बिणीजवळ एक जाड नोंदवही ठेवली आहे. काय बिघडले, काय तपासले आणि शेवटी कारण काय निघाले, हे मुले तीत लिहितात. त्या वहीतून तयार झालेला तपासणीचा क्रम इथे देतो. ज्यांच्या घरी अशी दुर्बीण आहे, त्या पालकांनाही तो उपयोगी पडेल.

१. आधी सेल पाहा. आठ पेन्सिल सेल मिळून बारा व्होल्ट होतात, पण मोटारी जोरात फिरू लागल्या की जुने सेल दम टाकतात. रिमोट मध्येच बंद होऊन चालू होतो, नळी भलतीकडे धावते. हा दोष अगदी गिअर तुटल्यासारखा दिसतो आणि नव्या सेलने जातो.

२. तारीख, वेळ, ठिकाण. महिना आधी की दिवस आधी, हे पाहावे. भारतीय प्रमाणवेळ म्हणजे साडेपाच तास पुढे. त्यातला अर्धा तास राहिला, तर यंत्राचे आकाश साडेसात अंशांनी चुकते. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची परदेशी सोय चुकून चालू राहिली, तर पंधरा अंशांनी. इंदूरचे अक्षांश २२ अंश ४३ कला उत्तर, रेखांश ७५ अंश ५२ कला पूर्व. मोबाईल हेच आकडे दशांशात दाखवतो, २२.७२ आणि ७५.८६ असे. ते ‘कला’ समजून तसेच भरू नयेत.

३. तिपाई आणि उत्तर दिशा. तिपाई पाणसळीने सपाट करावी. मोबाईलमधले होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ चुकते. इंदूरला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेतेवीस अंश वर असतो आणि आपल्या गच्चीवरून तो इमारतींच्या आड जातो. म्हणून एका ताऱ्यावर विसंबू नये. एकमेकांपासून दूर असलेले, आपण स्वतः ओळखतो असे दोन तारे घेऊन जुळवणी करावी. तारा ओळखण्यात चूक झाली, तर पुढचे सगळे चुकते.

४. गिअरमधला ‘प्ले’. हा शब्द त्या नववीतल्या मुलाचा. त्याच्या वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. बटण दाबल्यावर क्षणभर नळी हलतच नाही, हे त्याने हेरले. “सर, गिअरला प्ले आहे, दात भिडायला वेळ लागतो.” उपायही त्यानेच शोधला. जुळवणी करताना तारा मधोमध आणायची शेवटची हालचाल दर वेळी त्याच दोन बटणांनी करायची, म्हणजे दात नेहमी एकाच बाजूने भिडलेले राहतात. पुस्तिकेत हे लिहिलेले आहे. त्याने ती वाचलेली नव्हती.

५. वायर आणि तोल. नळी गोल फिरताना वायर तिपाईला गुंडाळली जाते आणि ताणली की निसटते. मागे कॅमेरा लावला की नळी त्या बाजूला जड होते आणि हळूहळू घसरते.

आणि एक नियम या सगळ्यांच्या वरचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल, तारीख आणि तारा एकदम बदलले आणि यंत्र चालू लागले, तर कशामुळे चालले हे कधीच कळत नाही.

तारीख सुधारली, व्याध मिळाला, तेजोमेघही मिळाला. एका पालकांनी त्यांचा कॅमेरा दिला. तीस सेकंदांचा पहिला फोटो निघाला तेव्हा त्यात तारे नव्हते, शेवया होत्या! मुले पुन्हा हसली. पण या वेळी कोणीही ‘कोणी केले?’ असे विचारले नाही. फोटो मोठा करून सगळे त्यावर वाकले. रेघ वेडीवाकडी असेल, तर गच्चीवर कोणीतरी चालले, किंवा कॅमेऱ्याचे बटण बोटाने दाबल्याने धक्का बसला. त्यावर उपाय म्हणजे टायमर लावून सगळ्यांनी स्तब्ध उभे राहणे. सगळे तारे एकाच दिशेला सारखे ताणले असतील, तर पाठलागात खोट आहे, जुळवणी पुन्हा करायची. मधले तारे ठिपक्यासारखे आणि कडेचे तारे कमानीसारखे दिसत असतील, तर कारण आणखी वेगळे.

ते तिसरे कारण मला स्वतःला ठाऊक नव्हते. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी बैठक तारा मधोमध धरते, पण त्याच्याभोवतीचे चित्र हळूहळू गरगरत जाते. कारण आकाश फिरते ते ध्रुवाभोवती, आणि बैठक फिरते ती आपल्या डोक्यावरच्या बिंदूभोवती. दक्षिणेला उंच आलेला मृगातला तेजोमेघ इंदूरहून पाहिला, तर चित्राचे हे फिरणे मिनिटाला सुमारे अर्धा अंश होते. हा यंत्राचा दोष नाही, अशा बैठकीची ती मर्यादा आहे. मग मुलांनी तीस सेकंदांचा हट्ट सोडला. दहा-दहा सेकंदांचे साठ फोटो घेतले आणि ‘डीपस्कायस्टॅकर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते एकावर एक जुळवले. दहा मिनिटांचा प्रकाश एका चित्रात गोळा झाला. ते चित्र सध्या खालच्या मजल्यावरच्या फलकावर आहे. मासिकात येतात तसे ते सुंदर नाही, कडेचे तारे अजून थोडे लांबटच आहेत. पण त्यातल्या प्रत्येक खोटीचे कारण आपल्या मुलांना सांगता येते.

आपली सहल उज्जैनच्या वेधशाळेला जाते, तेव्हा मुले सम्राट यंत्राच्या उतरत्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढतात आणि परत येतात. ही दगडी यंत्रे का बांधली, हे आपण त्यांना सांगत नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी पितळी यंत्रे वापरून पाहिली होती. त्यांत दोष निघाले. आकार लहान, म्हणून बारीक मोजमाप होईना. आस झिजे, वर्तुळाचे केंद्र सरके. त्यांनी दोषाची कारणे शोधली आणि हलणार-झिजणार नाहीत अशी दगड-चुन्याची मोठी यंत्रे उभी केली. एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळता यावेत, म्हणून दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली उज्जैनच्या वेधशाळेची दुरुस्ती करवली. सम्राट यंत्राच्या भिंतीचा उतार त्या गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंशांचा असतो. त्यावरची वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटे मागे दिसते, कारण उज्जैन प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे. आमच्या रिमोटमध्ये ठिकाण आणि प्रमाणवेळ का भरावी लागते, याचे उत्तर त्या भिंतीत आहे.

तारीख चुकवणारा मी एकटा नाही, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेण्याचा मोह मलाही झाला. १९९९ साली अमेरिकेच्या नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या मापात दिले होते, आणि ते न्यूटनच्या मापात आहेत असे दुसऱ्या बाजूने गृहीत धरले. माझ्या पाच-दोनचीच मोठी बहीण! पण या घटनेतून घेण्यासारखे आहे ते पुढचे. चौकशीत खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडले नाही. ही चूक वेळीच पकडली कशी गेली नाही, तपासणीच्या व्यवस्थेत कुठे भोक होते, ते शोधले. मी गच्चीवर नेमके याच्या उलट केले होते. कारण शोधायच्या आधी माणूस शोधला.

मी असे का केले, याचा विचार करताना मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. प्रयोगशाळेत काच फुटली की कॉशन मनीतून पैसे कापत. चांगली उपकरणे काचेच्या कपाटात, किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे. उपकरण बिघडले की आम्ही सगळे दोन पावले मागे सरकायचो. उत्तर किती यायला हवे ते पुस्तकात पाहून आम्ही उलटे आकडे भरत होतो. बी.एस्सी. झालो, पण बिघडलेल्या वस्तूजवळ निर्भयपणे बसायला शिकलो नाही. तेच संस्कार घेऊन मी त्या संध्याकाळी रिमोट हातात घेतला होता. आपल्या मुलांना हा वारसा देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

विश्वस्तांची काळजी खोटी नाही. वस्तू देणगीची आहे, तिचा हिशोब द्यावा लागतो. पालकांचीही काळजी मी जाणतो. रात्रीची वेळ, मुलींना घरी पोचवणे, दहावीचे वर्ष, आणि ‘यातून मार्क किती मिळणार?’ हा प्रश्न. मार्क मिळणार नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. पण गणितात उत्तर चुकले की पान फाडणारा मुलगा आता चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधू लागला, असे आमच्या गणिताच्या बाई सांगतात. मला हे मार्कांहून कमी वाटत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. दुर्बीण कपाटात राहावी, पण किल्ली विज्ञान मंडळाच्या मुलांच्या नावावर असावी. महिन्यातून दोनदा, सात ते साडेआठ, दोन शिक्षक आणि किमान एक पालक यांच्या उपस्थितीत ती उघडावी. सूर्याकडे नळी वळवायची नाही, मोटारीचे झाकण उघडायचे नाही आणि भिंगे पुसायची नाहीत, हे तीन नियम सर्वांना, मलासुद्धा. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम दर वर्षी वेगळी काढावी, कारण वापरातली वस्तू कधीतरी खरोखरच बिघडणार. आणि बिघाड स्वतःहून येऊन सांगणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, असा ठराव मंडळाने करावा. मुले लपवू लागली, की लहान दोष मोठा होतो.

कुलूप लावले तर दुर्बीण पुष्कळ वर्षे नवी राहील, हे खरे आहे. पण कपाटातल्या दुर्बिणीने माझी चूक कधीच उघडी पडली नसती, आणि एक निर्दोष मुलगा आजही स्वतःला दोषी समजत राहिला असता. निर्णय अर्थातच आपला आहे. बैठकीत नोंदवही टेबलावर ठेवीन, ती कृपया चाळून पाहावी. तिच्या पहिल्या पानावर त्या आठवीतल्या मुलीच्या अक्षरात नोंद आहे: ‘दोष: नळी चुकीच्या दिशेला. कारण: तारीख उलटी भरली. भरणारे: प्राचार्य सर.’

ते पान मी फाडलेले नाही.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य